कोल्हापुरात स्विंग नाचायला सुरुवात कशी करावी

स्विंग, म्हणजे जॅझच्या ठेक्यावर जोडीनं नाचायचा अमेरिकन नाच, शिकायचा तर मुंबई-बंगळुरूला राहायला हवं, असा आपल्याकडं बऱ्याच जणांचा समज आहे. व्हिडिओ बघतात, पाय हलायला लागतात, "कोल्हापुरात कुठं शिकवतात?" असं विचारतात आणि उत्तर मिळालं नाही की तिथंच थांबतात. हा लेख त्या थांबलेल्यांसाठी आहे. या नाचाला लागतं ते इतकंच: ठेका पकडणारा कान, बरोबर नाचायला एक-दोन माणसं, बरी फरशी आणि आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ. गुरू मिळाला तर उत्तमच, पण तो मिळेपर्यंत करण्यासारखं खूप आहे. ते नीट क्रमानं केलं, तर पुढं शिक्षकासमोर उभं राहाल तेव्हा तुमचं अर्धं काम झालेलं असेल.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. आधी कान, मग पाय, मग जोडीदार आणि स्टेप्स सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात. एका महिन्यात वीस स्टेप्स पाठ होतात, पण गाणं लागलं की एकही गाण्यावर बसत नाही.

हा नाच कुठला, कुणाचा

स्विंग या नावाखाली बरेच नाच येतात: लिंडी हॉप, चार्ल्सटन, बाल्बोआ, शॅग. यांतला मुख्य म्हणजे लिंडी हॉप. १९२०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी तो घडवला. तिथं १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम सुरू झाली आणि १९५८पर्यंत चालली. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांना एका छताखाली नाचू न देण्याच्या त्या काळात सॅव्हॉयमध्ये दोघं एकाच फरशीवर नाचत. दारात रंग विचारला जात नसे, आत गेल्यावर नाचता येतं का एवढंच बघितलं जाई. शाहू महाराजांच्या गावात याचं मोल वेगळं समजावून सांगायला नको. म्हणून शिकताना ही माहिती सोडू नका. हा नाच ज्यांनी सोसलं त्यांच्या आनंदातून आलेला आहे. तो नाचताना त्यांची नावं आपल्याला माहीत असायला हवीत.

दोन नावं तरी लक्षात ठेवा. फ्रँकी मॅनिंग (१९१४–२००९) आणि नॉर्मा मिलर (१९१९–२०१९). दोघंही सॅव्हॉयमध्ये घडले, व्हाइटीज लिंडी हॉपर्स या गाजलेल्या चमूत होते आणि १९८०च्या दशकात जगाला हा नाच पुन्हा आठवला तेव्हा म्हातारपणी हौसेनं नव्या पिढीला शिकवत राहिले. मॅनिंग यांचा जन्मदिवस, २६ मे, जगभर लिंडी हॉप दिन म्हणून साजरा होतो.

आणि या नाचाचं जॅझ संगीत आपल्याला अगदीच परकं नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय कलाकारांचा बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये वाजवत होता. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तर मुंबई आणि कलकत्त्यात वर्षानुवर्षं राहिले. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहकारी होते आणि भगवानदादांच्या चित्रपटांतल्या गाण्यांत जो स्विंगचा झोक आहे तो या मंडळींच्या हातातला आहे. घरातल्या आजोबांना ती गाणी पाठ असतील. त्यांना विचारून बघा.

"सोशल" म्हणजे काय, हेही इथंच सांगतो. स्टेजवर बसवलेला नाच वेगळा. सोशलमध्ये आधी काहीच ठरलेलं नसतं. गाणं लागतं, समोरच्याला विचारायचं, तीन-चार मिनिटं एकत्र नाचायचं, धन्यवाद म्हणायचं आणि पुढच्या गाण्याला दुसरा जोडीदार. एक जण सुचवतो, त्याला लीड म्हणतात. दुसरा ते ऐकून त्यात आपली भर घालतो, त्याला फॉलो म्हणतात. पुरुषानं लीड आणि बाईनं फॉलो करावं असा नियम नाही. कोल्हापुरासारख्या ठिकाणी, जिथं गट छोटा असणार, तिथं तर प्रत्येकानं पहिल्या दिवसापासून दोन्ही शिकावं असंच मी सांगेन. त्यामुळं माणसांची जुळवाजुळव अडत नाही, आणि लीड करणाऱ्याला फॉलो करून बघितल्यावरच कळतं की आपण समोरच्याचा हात किती ओढतो.

पहिले पंधरा दिवस: फक्त ऐका

काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन, चिक वेब, एला फिट्झजेराल्ड, बेनी गुडमन, जिमी लन्सफर्ड, फॅट्स वॉलर. ही नावं मोबाइलवर शोधली की शेकडो गाणी मिळतील. १९३० आणि ४०च्या दशकातली घ्या. "इलेक्ट्रो स्विंग" नावाचा प्रकार समोर येईल. ऐकायला मजा आहे, पण सुरुवातीला टाळा, कारण त्यात ठेका यंत्रानं सपाट केलेला असतो आणि आपल्याला शिकायची आहे ती नेमकी त्यातली झुलण्याची जागा.

ऐकताना तीन गोष्टी करा.

पहिली, आठ मोजा. हे संगीत चार मात्रांच्या मापात चालतं आणि नाचणारे दोन मापं जोडून आठ मोजतात. केहरवा ज्यांच्या कानात आहे त्यांना आठ सापडायला वेळ लागणार नाही. आठाचे चार गट झाले की बहुतेक गाण्यांत एक चरण पुरा होतो. ब्लूजच्या बारा मापांच्या बांधणीत मात्र असे सहा गट येतात. चरण कुठं संपतो हे ओळखू आलं, की नाच कुठं थांबवायचा आणि कुठं उसळवायचा हे आपोआप सुचू लागतं.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जड जाते. आपली टाळी समेवर पडते. भजन असो, आरती असो, हात पहिल्या मात्रेला जातो. स्विंगमध्ये टाळी दोन, चार, सहा आणि आठवर पडते. पहिल्या मात्रेवर पाय आणि दुसऱ्या मात्रेवर टाळी, असं चालता-चालता करा. रंकाळ्याच्या कडेनं पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांना यासाठी वेगळा वेळ काढायला नको. कानात एकच इअरफोन घाला, म्हणजे मागून येणारी गाडी ऐकू येईल, आणि पावलं मात्रेवर टाका. टाळी न वाजवता मांडीवर बोट आपटलं तरी चालतं. आठवडाभरात टाळी आपली आपण दोनवर जाऊन बसते. तोवर पायाच्या स्टेप्सकडं वळू नका.

तिसरी, वेग मोजा. पंधरा सेकंदांतल्या मात्रा मोजून चारनं गुणा. नवशिक्यानं मिनिटाला १२० ते १४० मात्रांची गाणी घ्यावीत. १८०च्या पुढं सराव लागतो आणि जुन्या चित्रफितींत दिसणारा वेग तर कित्येकदा २००च्याही वर असतो. तो बघा जरूर, पण त्या वेगानं लगेच नाचायला जाऊ नका. फार हळू गाणीही टाळा. शंभराच्या खाली तोल सांभाळणंच अवघड होतं.

पाय

आधी उभं राहणं. गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्याकडं, टाच जमिनीला टेकलेली पण दाबलेली नाही, पाठ सरळ, खांदे सैल. कुस्तीतला पवित्रा बघितलेल्याला हे लगेच समजेल: कुठल्याही बाजूला क्षणात सरकता येईल असं उभं राहायचं. आता गाणं लावा आणि प्रत्येक मात्रेला गुडघ्यातून थोडं खाली जा. वर उडी नाही, खाली दबणं. याला पल्स म्हणतात. जागच्या जागी, मग चालताना, मग दिशा बदलताना. पूर्ण गाणंभर पल्स टिकली पाहिजे. मला विचाराल तर सगळ्या स्विंगमध्ये याहून महत्त्वाचं काही नाही. स्टेप विसरला, जोडीदार चुकला, काहीही झालं तरी पल्स चालू असली की नाच चालू असतो.

त्यानंतर ट्रिपल स्टेप. दोन मात्रांत तीन पावलं: "तीन-आणि-चार". यातला "आणि" बरोबर मधोमध येत नाही. तो उशिरा, चारला चिकटून येतो. लांब, आखूड, लांब. स्विंगची सगळी गोडी त्या उशिरा येणाऱ्या "आणि"मध्ये आहे. पावलं अगदी छोटी ठेवा, एका फरशीच्या आत मावतील एवढी. मोठी पावलं टाकली की वेळ पुरत नाही आणि मग माणूस धावू लागतो.

रॉक स्टेप म्हणजे एक पाय मागं टाकून त्याच्या चवड्यावर क्षणभर वजन द्यायचं आणि पुन्हा पुढच्या पायावर यायचं. मागं जाताना टाच जमिनीवर आपटू नका, शरीर मागं कलू देऊ नका.

या दोन गोष्टी जोडल्या की सहा मात्रांची मूळ चाल तयार होते. लीड करणाऱ्यासाठी ती अशी:

एक: डावा पाय मागं.
दोन: उजव्या पायावर वजन, जागेवरच.
तीन-आणि-चार: डावा, उजवा, डावा.
पाच-आणि-सहा: उजवा, डावा, उजवा.

फॉलो करणाऱ्यानं हेच आरशासारखं, उजव्या पायापासून. काही शिक्षक आधी दोन ट्रिपल आणि शेवटी रॉक स्टेप अशी मोजणी लावतात. चाल तीच, सुरुवात कुठून मोजायची एवढाच फरक. दोन वेगवेगळे व्हिडिओ बघून गोंधळू नका.

इथं एक शंका प्रत्येकाला येते. संगीत आठाचं आणि चाल सहाची, मग जुळणार कसं? दर वेळी जुळत नाही आणि जुळायची गरजही नाही. अशा चार चाली म्हणजे चोवीस मात्रा, आणि आठाचे तीन गट म्हणजेही चोवीस. तिथं दोन्ही पुन्हा एकत्र येतात. तबल्याची सवय असलेल्यांना यात मौज वाटेल.

सहाची चाल न मोजता पडू लागली की आठाची घ्या: रॉक स्टेप (एक, दोन), ट्रिपल (तीन-आणि-चार), दोन साधी पावलं (पाच, सहा), ट्रिपल (सात-आणि-आठ). लिंडी हॉपचा गाभा असलेला स्विंग आउट याच मोजणीवर उभा आहे. जोडीनं एकमेकांभोवती फिरून दूर जायचं आणि परत ओढीनं जवळ यायचं, असा तो प्रकार. लेख वाचून तो येत नाही. त्याचा जोर किती आणि कुठून येतो हे हाताला हात लागल्यावरच कळतं. त्यासाठी शिक्षक हवा, त्याबद्दल शेवटी सांगतो.

मध्ये चार्ल्सटन शिका, कारण ते एकट्यानं करता येतं. एक: डावा मागं. दोन: उजव्यावर वजन. तीन: डाव्यानं पुढं लाथ. चार: डावा खाली. पाच: उजव्यानं पुढं लाथ. सहा: गुडघा दुमडून पाय परत. सात: उजव्यानं मागं लाथ. आठ: उजवा खाली. लाथ गुडघ्यापासून खाली, सैल, जमिनीपासून फार वर नाही. नाहीतर शेजारच्याच्या नडगीला बसते.

आणि गटासाठी शिम शॅम. एका ओळीत उभं राहून सगळ्यांनी मिळून करायचा हा एकट्याचा नाच मूळचा टॅपवाल्यांचा, म्हणजे बुटांच्या तळांनी ताल वाजवत नाचणाऱ्यांचा, १९२०च्या दशकातला. आज जगात कुठल्याही स्विंग सोशलमध्ये तो लागला की सगळे ओळीत उभे राहतात. याचे व्हिडिओ भरपूर आहेत. कोल्हापुरातल्या गटासाठी तो दोन कारणांनी सोयीचा आहे: जोडी लागत नाही, आणि परक्या माणसाचा हात धरायला ज्यांना पहिल्या दिवशी संकोच वाटतो तेही लगेच सामील होतात.

हात, अंतर आणि संकोच

संकोचाबद्दल स्पष्ट बोलू. आपल्या गावात मुलगा-मुलगी हात धरून नाचतात म्हटल्यावर घरी प्रश्न येणार. ते लपवून करू नका. पहिल्या-दुसऱ्या बैठकीलाच आई, काका, मोठी बहीण, ज्यांना काळजी वाटते त्यांना हॉलवर बोलवा. समोर बघितलं की बहुतेकांचं समाधान होतं, आणि एखादी मावशी स्वतःच शिम शॅमच्या ओळीत उभी राहते. वय या नाचात आडवं येत नाही.

सुरुवात मोकळ्या पकडीनं करा. समोरासमोर, हातभर अंतर, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत हलकी अडकवलेली. लीडचा तळवा वर, फॉलोचा खाली. अंगठ्यानं आवळायचं नाही. अंगठा मोकळा असला की कुणालाही कधीही हात सोडवता येतो. कोपर अंगाजवळ, किंचित वाकलेलं.

या पकडीत पहिला सराव चालण्याचा. लीड करणारा पुढं चालेल, मागं येईल, थांबेल. फॉलो करणारा डोळे मिटून ते हातातून ओळखेल. लीड करणाऱ्यानं हात न ढकलता स्वतःचं सगळं शरीर हलवायचं. हात फक्त निरोप पोचवतो. फॉलो करणाऱ्यानं हात लुळा सोडायचा नाही आणि पुढं काय येणार याचा अंदाज बांधून आधीच निघायचं नाही. हे साधलं की त्यावर सहाची चाल बसवा. त्यानंतर एक साधी गिरकी: दोनच्या सुमाराला लीडनं डावा हात फॉलोच्या कपाळाच्या वर उचलायचा आणि फॉलोनं दोन्ही ट्रिपलमध्ये आपल्या उजवीकडं स्वतः फिरायचं. लीडनं हात घुसळायचा नाही, वर फक्त धरून ठेवायचा. हा हात घुसळण्याचा प्रकार खांद्याला त्रास देतो आणि गटात तो दिसला की तिथल्या तिथं सांगा.

जवळची पकड, म्हणजे लीडचा उजवा हात फॉलोच्या पाठीवर खवाट्याच्या जरा खाली आणि फॉलोचा डावा हात लीडच्या दंडावर, ती दोघांनाही सहज वाटेल तेव्हा. कुणाला ती नकोच असेल तर मोकळ्या पकडीतही पूर्ण गाणं छान नाचता येतं.

नियम थोडे, पण कडक हवेत. नाचायला विचारायचं, "नको" म्हटलं तर कारण विचारायचं नाही. एका माणसाबरोबर सलग दोन गाण्यांपेक्षा जास्त नाही. गाणं चालू असताना जोडीदाराला शिकवायचं नाही, दुखत असेल तर मात्र लगेच सांगायचं. उचलून हवेत भिरकावण्याचे प्रकार सोशलमध्ये अजिबात नाहीत. ते कार्यक्रमासाठी, गादीवर, सराव करून करायचे असतात. कुणी हद्द ओलांडली तर कुणाकडं बोलायचं, त्या दोन माणसांची नावं (एक बाई, एक पुरुष) पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा.

अंगाच्या वासाचंही सांगायला हवं. जवळून नाचायचं असतं. जादा शर्ट, नॅपकिन आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. तांबडा-पांढरा ओरपून थेट हॉलवर येऊ नका; जेवण नाचानंतर.

पायताण आणि फरशी

या बाबतीत कोल्हापूर नशीबवान आहे. स्विंगसाठी लागतो तो सपाट, पातळ आणि किंचित सरकणारा तळ. धावण्याचे बूट नकोत: रबर फरशीला धरून बसतं, पाय अडकतो, शरीर फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. साधे कापडी बूट घ्या आणि चप्पल लाइनीत किंवा आपल्या ओळखीच्या चांभाराकडं जाऊन त्यांच्या चवड्याखाली पातळ चामडं चिकटवून घ्या, खरखरीत बाजू बाहेर. टाचेला रबर तसंच राहू द्या, थांबायला ते उपयोगी पडतं. पिढ्यान्पिढ्या चामड्याचे तळ शिवणाऱ्या कारागिरांना हे काम दाखवलं की पुढचं सांगावं लागत नाही. कोल्हापुरी चप्पल स्वतः मात्र नाचायला नको. तिचा तळ सरकतो सुंदर, पण टाचेला पट्टा नसल्यानं लाथ मारताना ती पायातून सुटते. चामडं लावलेले बूट पिशवीतून न्या आणि हॉलमध्येच घाला. पावसाळ्यात रस्त्यावर एकदा भिजले की तळ सुटतो.

सॅव्हॉयची जमीन लाकडी आणि पायाखाली उसळणारी होती. आपल्याकडं तशी शाळा-कॉलेजांच्या नाट्यगृहांतल्या रंगमंचावर मिळाली तर मिळते. विचारून बघायला हरकत नाही. बाकी ठिकाणी फरशी. घोटीव कोटा किंवा जुनी मोझॅक चांगली. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल धूळ असली की निसटते, म्हणून आधी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. खडबडीत शहाबादीवर आणि गच्चीच्या कोब्यावर गिरक्या घेऊ नका. तिथं फक्त पल्स आणि चार्ल्सटन. पाय सरकावा म्हणून टाल्कम पावडर टाकण्याची कल्पना कुणीतरी काढेलच. तिला नकार द्या. हॉल पुन्हा मिळणार नाही आणि कुणीतरी पडेल.

फरशीखाली काँक्रीट असतं आणि ते धक्का परत पायातच पाठवतं. पहिल्या महिन्यात दीड तासाच्या वर नाचू नका. नडगी दुखू लागली तर उड्या बंद, पावलं आणखी छोटी आणि दोन दिवस विश्रांती. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

गट आणि हॉल

सहा ते आठ माणसं पुरेत. त्याहून कमी असली तर कुणी गैरहजर राहिल्यावर बैठक मोडते. विद्यापीठातले विद्यार्थी, नाटकवाले, गाण्याच्या क्लासला जाणारे, बँकेतून सहाला सुटणारे, निवृत्त शिक्षक, सगळे चालतात. नाचाचा अनुभव असलेल्यांच्याच मागं लागू नका. दर आठवड्याला वेळेवर येणारा माणूस जास्त मोलाचा.

जागेसाठी आधी ओळखीच्या अपार्टमेंटचा सभागृह-हॉल, शाळेचा हॉल, योगवर्गाची खोली बघा. एक युक्ती ध्यानात ठेवा: आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, तेव्हा मंगल कार्यालयांचे छोटे हॉल आठवड्यातले बरेच दिवस रिकामे पडून असतात. तासावर भाडं ठरवायला हीच वेळ. बाहेर धो-धो पाऊस असतो, दुसरं काही करण्यासारखं नसतं, त्यामुळं माणसंही टिकतात. गणपती आणि नवरात्रात मात्र बैठकांचा आग्रह धरू नका. मंडळातली पोरं येणार नाहीत, आणि येऊही नयेत. तुळशीचं लग्न लागलं की कार्यालय सोडावं लागेल, तोवर दुसरी जागा बघून ठेवा. भाडं सगळ्यांत समान वाटून महिन्याच्या सुरुवातीलाच गोळा करा. दर बैठकीला पैसे मागत बसलं की गट विस्कटतो.

दीड तासाची बैठक मी अशी लावेन. पहिली दहा मिनिटं नुसती पल्स, दोन गाणी, बोलणं नाही. मग वीस-पंचवीस मिनिटं एकट्याचं: चार्ल्सटन किंवा शिम शॅमचा एखादा तुकडा. मग अर्धा तास जोडीनं एकच गोष्ट, दर तीन-चार मिनिटांनी जोडीदार बदलून आणि अर्ध्यातून लीड-फॉलो उलटवून. उरलेला सगळा वेळ शिकवणं पूर्ण बंद, फक्त नाच. हा शेवटचा भाग कुठल्याही कारणानं कापू नका. वेळ कमी पडला तर आधीचा कापा. पुष्कळ गट वर्षभर स्टेप्स घोटत राहतात आणि गाण्यावर मोकळं नाचतच नाहीत. मग सोशलला गेल्यावर हात-पाय गळतात.

व्हिडिओवरून शिकताना एका महिन्यात एकच शिक्षक आणि एकच धडा घ्या. पाठमोरा दाखवलेला व्हिडिओ शोधा, म्हणजे डावं-उजवं उलटत नाही. वेग अर्ध्यावर आणून आधी फक्त पाय बघा, मग फक्त खांदे. आणि आठवड्यातून एकदा सॅव्हॉयच्या काळातल्या लोकांची जुनी चित्रफीत सगळ्यांनी मिळून बघा. कुणीही दोघं एकसारखं नाचत नाहीत, हे तिथं दिसतं. आपल्यालाही तसं नाचायची मोकळीक आहे.

बाहेरचा पहिला सोशल आणि शिक्षक

दोन-तीन महिने झाले, पल्स टिकते, सहाची चाल आणि गिरकी कुणाबरोबरही जमते, की बाहेर जा. मुंबईत आणि बंगळुरूत लिंडी हॉपवाल्यांचे गट आहेत. समाजमाध्यमांवर शहराचं नाव आणि लिंडी हॉप असं शोधलं की त्यांचे कार्यक्रम सापडतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबईत. सोशलच्या आधी बहुतेक ठिकाणी नवशिक्यांसाठी तासाभराचा वर्ग असतो, तो चुकवू नका, तिथंच ओळखी होतात. "मी कोल्हापूरहून आलोय, नवीन आहे" असं सरळ सांगा. स्विंगवाले नवख्याला सांभाळून घेतात, अनुभवी माणसं स्वतःहून विचारतात. तुम्हीही विचारा, भिंतीला टेकून राहू नका. फक्त कोपर आवरा आणि कुणाला धक्का लागला तर चूक कुणाचीही असो, माफी मागा.

परत आल्यावर गटात दहा-बारा माणसं टिकलेली असतील, तर तिथं भेटलेल्या एखाद्या शिक्षक-जोडीला शनिवार-रविवार कोल्हापूरला बोलवा. प्रवास, राहणं आणि मानधन किती हे आधी लेखी ठरवा आणि तेवढे पैसे ते येण्याआधी जमवा. त्यांना सांगा की आम्हाला दहा स्टेप्स नकोत, स्विंग आउट आणि त्यातली जोडीच्या हातांतली ओढ एवढंच नीट करून द्या. रविवारची दुपार रिकामी ठेवा, म्हणजे शिकलेलं त्यांच्या डोळ्यांदेखत घोटता येईल. वर्गाच्या शेवटी त्यांच्या परवानगीनं पाच मिनिटांची उजळणी मोबाइलवर घ्या. आणि त्यांची गाडी सुटायच्या आत पुढच्या आठवड्याची बैठक पक्की करा. त्या बैठकीत नवीन काही घ्यायचं नाही, फक्त १२०च्या वेगाची गाणी लावून प्रत्येकानं प्रत्येकाबरोबर स्विंग आउट करायचा.